हिरवाच राहिलेला लॉट

"इंजिनियर साहेब, पान तर हिरवंच दाखवून राह्यलंय. गाडी भरायची का न्हाई, जल्दी सांगा."

शेठ माझ्या खुर्चीमागे उभे होते. गेटवर शहागडच्या डीलरची गाडी लागली होती आणि हमाल कपाशीच्या बियाण्याची खोकी चढवत होते. शेठच्या शेजारी आमच्या लॅबच्या साळवे मॅडम. हा लॉट उगवण चाचणीत नापास झालाय, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. पण स्क्रीनवर, आमच्या वेबसाइटच्या पानावर, त्याच लॉटपुढे हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे माल विकायला तयार.

जालन्यातली ही बियाणे कंपनी. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. मी पुण्यातली नोकरी सोडून बदनापूरला घरी परतलो होतो आणि रोज रेल्वेने जालन्याला येत होतो. डीलरला दुकानात बसून ऑर्डर देता यावी म्हणून शेठनी माझ्याकडून वेबसाइट करून घेतली. तिचं त्यांना इतकं कौतुक, की गोदामाला हुकूमच सुटला. चिठ्ठी नको, फोन नको, पानावर हिरवा दिसेल तो माल भरायचा.

ही वेबसाइट एका फ्रेमवर्कवर उभी होती. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. डीलरने काय विचारलं, ते कुठल्या प्रोग्रामकडे जाणार आणि उत्तर कुठल्या पानावर दिसणार, हे तो सांभाळतो. आपण लिहिलेले प्रोग्राम मशीनला कळतील असे करून घ्यायचे, म्हणजे कंपाइल करायचे. मग पानं आणि सेटिंगच्या फायली जागच्या जागी लावून सगळ्याचा एक गठ्ठा बांधायचा आणि सर्व्हरवर चढवायचा. हाताने केलं की हमखास काहीतरी राहायचं. म्हणून मी फ्रेमवर्कला बिल्ड टूल जोडलं होतं. एक कमांड दिली की सगळं ते टूलच करायचं. वर त्याचा शहाणपणा असा, की जी फाइल बदलली नाही ती पुन्हा कंपाइल करायची नाही. वेळ वाचतो.

तोवर पान फक्त स्टॉक बघत होतं. नापास लॉट लाल दाखवायचा नियम मी त्या सकाळी घाईने लिहिला. कमांड दिली. 'बिल्ड सक्सेसफुल' आलं. सर्व्हरवर चढवलं. ठिपका हिरवाच. नियम पुन्हा वाचला, चूक सापडेना. पुन्हा बिल्ड, पुन्हा सक्सेसफुल, पुन्हा हिरवा.

"मॅडम, एखाद्या टायमाला चाचणीच चुकली असंल तुमची," शेठ म्हणाले. "कॉम्प्युटरचं काय कुणाशी वैर हाये का?"

मॅडमचा चेहरा उतरला. "शेठ, निम्मे दाणे पण फुटले न्हाईत. लॅबमधी चला, दाखवते."

"शेठ, मॅडमचा निकाल अजून पानापर्यंत पोचलेला नाही," मी म्हणालो.

"मंग पोचवा. लाल दिसलं की गाडी रिकामी करतो. तोवर भरणं बंद होणार न्हाई."

गाडी निघाली की ते बी वडीगोद्री, शहागडच्या रानात पडणार होतं. उगवलं नाही की लोक लॅबच्या दारात येणार, कारण पाकिटामागची जबाबदारी मॅडमची. मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांना खोटं पाडणारं ते पान मीच बनवलं होतं.

मग एक उपद्व्याप केला. नियमाच्या मधोमध मुद्दाम वाटेल ती अक्षरं बडवली. असं काही कंपाइल करायला घेतलं की बोंब व्हायलाच हवी.

बिल्ड सक्सेसफुल.

म्हणजे टूल माझी फाइल उघडतच नव्हतं. त्याच्या मते ती बदललीच नव्हती. आणि फाइल बदलली की नाही, हे टूल ठरवतं तारीख-वेळेवरून. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे गेला महिना चालू होता.

लोडशेडिंगमुळे मी अकाउंट्सच्या मशीनवर काम करायचो, कारण इन्व्हर्टर तेवढ्याच खोलीला होता. पलीकडच्या टेबलावर अकाउंटंट तौर काका बसायचे.

"काका, या मशीनची तारीख कुणी बदलली?"

"मीच की," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "हिशोबाचं सॉफ्टवेअर ट्रायलचं हाये. परवा मुदत संपून गेल्ती. तारीख मागं घेतली की चालतंय बराबर. शेठच म्हणले, खर्चा कशाला."

शेठ खिडकीबाहेर बघू लागले.

उलगडा झाला. मी आज केलेल्या बदलावर गेल्या महिन्याची तारीख पडत होती. आधी, तारीख बरोबर असताना, कंपाइल झालेली फाइल त्यामानाने ताजी दिसायची. टूल म्हणायचं, ताजं तयार आहे, कशाला मेहनत घ्या.

बडवलेली अक्षरं काढली, तारीख सरळ केली, जुन्या कंपाइल केलेल्या फायली पुसल्या आणि बिल्ड केलं. ठिपका लाल झाला. शेठनी हमालांना हाक मारली आणि खोकी उतरू लागली. तेवढ्यात काकांचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि काका माझ्यावर ओरडले. पुढे शेठनी ते विकत घेतलं, कुरकुर करत का होईना. मीही प्रत्येक बिल्डआधी जुनं सगळं पुसायची सोय केली.

खोली रिकामी झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "लाल झालं ते बरं झालं सर. पण सकाळी मी तोंडानं सांगितलं, तवाच का न्हाई थांबली गाडी?"

मी उठलो. तसाच शेठकडे गेलो आणि गोदामाचा हुकूम बदलून घेतला. लॅबने नाही म्हटलं की पान काहीही दाखवो, माल हलणार नाही. शेठ त्या दिवशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

टूल सक्सेसफुल म्हणतं, तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं. आपलं नाही.