राखून ठेवलेली माती

“उठले बघ. भाकर आली की ह्यांना बरोबर स्कूटर आठवती.”

मागच्या बाकावरची ही कुजबुज मला स्वच्छ ऐकू आली. पलीकडे, पुरुषांच्या बाजूला, पप्पा खरंच उठले होते. आमच्या दौंडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून घ्यायची. पाळक भाकरीवरचं पांढरं कापड उचलायला लागले की पप्पा बाजूच्या दाराने मागच्या अंगणात जातात आणि स्कूटर पुसत उभे राहतात. मागच्या मावशींना तो हेकटपणा वाटतो. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं.

माझे आजोबा शिरूरला वारले तेव्हा पप्पा सोलापूरच्या पुढे मालगाडीवर होते. ते रेल्वेत गार्ड आहेत. ते पोचेपर्यंत थोरल्या काकांनी दफन उरकलं होतं. मे महिन्याची काहिली होती, बर्फ मिळत नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. पण आमच्यात कबरीत प्रत्येकाने मूठभर माती टाकायची असते, आणि धाकट्या मुलाची मूठ राहून गेली. “माझी वाट पाहिली न्हाई,” एवढंच पप्पा म्हणाले आणि कबरीकडे न जाताच परतले. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. मनात भावाबद्दल अढी असताना प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, हे आजोबांनीच त्यांना शिकवलेलं. म्हणून ते बाहेर जातात. भांडणातसुद्धा त्यांनी देवाशी खोटेपणा केला नाही, हे मला उशिरा उमगलं. मग स्कूटर पुसणाऱ्या पप्पांचा राग येईनासा झाला.

मी मात्र कधी काही बोलले नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठीत मोठ्याने प्रार्थना करायची लाज वाटते. घरच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की मी हळूच आमेन म्हणते आणि मम्मी पुढची प्रार्थना सुरू करते. मनातल्या मनात मात्र रोज मागत होते की यांचं भांडण मिटव. खरं सांगायचं तर मिटेल असं वाटत नव्हतं. देवाची प्रीती अढळ आहे असं आम्ही चर्चमध्ये गात होतो, आणि घरी काकांचं नाव निघालं की ताटाकडे बघत गप्प जेवत होतो. ती प्रीती आमच्या घरात नेमकी कुठून शिरणार, हे मला कळत नव्हतं.

मी रांजणगावला एका कंपनीत काम करते आणि तिथेच खोली घेऊन राहते. ती कुजबुज ऐकली त्या रविवारच्या आदल्या दिवशी दौंडला निघाले, तर न्हावऱ्याच्या पुढे एसटी बंद पडली. संध्याकाळ होत आली होती. बाकीचे लोक मिळेल त्या गाडीत बसून गेले. मला कुणाला हात करायचीही लाज. उसाच्या कडेला उभी राहून मी प्रार्थना करू लागले, पण नेहमीचे इंग्रजी शब्द आलेच नाहीत. “बापा, मला घरी ने,” एवढंच आलं, लहानपणी आजोबांच्या मांडीवर शिकलेलं.

थोड्या वेळाने एक पिकअप थांबला, झेंडूच्या क्रेटनी भरलेला, पण उलट्या दिशेला चाललेला. वडगाव रासाईचं जोडपं होतं. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“एकलीच का गं उभी? कुठं जायचंय?”

“दौंडला.”

“आता कशाची गाडी! आमी शिरूरला चाललोय. तिकडं कोन हाय का तुझं?”

तीन वर्षं आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “काका आहेत.”

“मग बस की! सख्खा काका असताना रस्त्यावर कशापायी उभी ऱ्हाती?”

त्यांनी मला थेट काकांच्या दारात सोडलं. उतरताना बाईंनी माझ्या ओढणीत ओंजळभर झेंडू टाकला. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

काकांनी दार उघडलं आणि ते आत वळून ओरडले, “अगं ए, धाकट्याची पोर आलीया, तवा ठेव!” मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “घरी समदी बरी हायेत न्हवं?” एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतरही त्यांना पहिली काळजी पप्पांचीच वाटली.

मम्मीला फोन केला. ती म्हणाली, “बरं केलंस. पप्पांना सांगते, मैत्रिणीकडे थांबलीस.” आमचं घर असं आहे, प्रार्थनेला बसायच्या आधी थोडं खोटंही बोलून घेणारं.

सकाळी काका मला मोटरसायकलवर दौंडला सोडायला निघाले. वाटेत कबरस्थानापाशी थांबले. “फुलं हायेत तर आबांना वाहू,” म्हणाले. आजूबाजूच्या कबरींवर सिमेंट होतं, फरशी होती. आजोबांची कबर म्हणजे नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. पप्पा कधीमधी म्हणत, बापाची कबर अजून बांधली नाही, बघा थोरल्याची माया. न राहवून मी काकांना विचारलं.

ते उकिडवे बसून गवत उपटत होते. “तुझी काकू टोमणे मारती, पाव्हणे तर नावंच ठेवत्यात. पर बांधून काढली, तर तो आल्यावर माती कुठं टाकंल? पावसात खचती, मी भर घालतो. वरली मूठ त्याची हाय.”

मी झेंडू तसाच हातात धरून उभी राहिले. पप्पांनी ज्याला हेळसांड म्हटलं होतं, ते राखून ठेवणं होतं. मी घरी ने म्हटलं होतं, आणि देवाने मला उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं होतं. इतके दिवस मी मागत होते आणि रस्ताही मीच ठरवून देत होते. त्या बंद पडलेल्या एसटीसाठी मी आजही आभार मानते. झेंडूचा वास आला की त्या बाईंसाठी प्रार्थना करते, देवाला त्यांचं नाव ठाऊक आहे म्हणून.

काका चर्चच्या फाटकाशीच थांबले. “आत आलो तर तो उठून जाईल. समद्यांची उपासना कशाला बिघडवू?” म्हणाले. मी एकटीच आत येऊन मम्मीशेजारी बसले. पप्पांना काहीच माहीत नव्हतं. आणि आता ते उठले होते, फाटकाकडे नाही, नेहमीच्या बाजूच्या दाराकडे.

मी उभी राहिले. मम्मीने माझी ओढणी ओढली. पाळकांचा हात कापडावर थांबला, मागची कुजबुज थांबली, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मनात फक्त उसाच्या कडेचा तोच शब्द होता, बापा. मग मी मोठ्याने म्हणाले,

“पप्पा, त्या दाराने नका जाऊ. काका फाटकाशी उभे आहेत. ते अजून तुमची वाट पाहतायत.”