तोफ डेपोतून पळाली ती सकाळ

आमच्या डेपोत तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. पगाराच्या यादीत असेल काहीतरी नाव, पण सगळ्यांसाठी ती तोफ. आवाजच तसा आहे. हॉर्न बिघडला तर हिने खिडकीतून डोकं काढून नुसतं "ओ भाऊ" म्हणायचं, पुढचा टेम्पो आपसूक कडेला जातो. मी तिच्या बसवर कंडक्टर. मला सगळे अक्का म्हणतात, कारण मी वयाने मोठी आहे आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय मला जेवण जात नाही. आता या वयात काय सुधारणार?

तोफ डेपोत लागली ती बस धुवायला. तिची थोरली मुलगी तेव्हा कडेवर होती. तिला टायरांच्या ढिगावर बसवून ही पाइप धरायची, आणि जेवणाच्या सुट्टीत उभ्या बसमध्ये चढून स्टिअरिंग फिरवत बसायची. ड्रायव्हर लोक हसायचे. ही म्हणायची, हसा लेको, एक दिवस मीच तुम्हाला घरी सोडीन. परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा आपटली. दुसऱ्या वेळी मात्र अशा चिंचोळ्या गल्लीतून बस मागे घेतली की परीक्षकालाच घाम फुटला. आज आमच्याकडची ती लांबलचक बस, दोन डबे मधल्या रबरी भात्याने जोडलेली, ती हीच चालवते. वळणावर मागचा डबा कसा डौलात येतो ते बघायला लोक थांबतात. पण ती बस हातात येता येता कशी निसटली होती, ते सांगायला मी बसले आहे.

त्याआधी नवऱ्याचं सांगायला हवं. तो फर्निचरला पॉलिश करतो. हात सोन्याचा. जुनाट, काळवंडलेलं टेबल त्याच्याकडे द्यावं आणि परत नेताना आपलंच तोंड त्यात बघावं. काम घरीच. दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढच्या खोलीत लोकांच्या खुर्च्या वाळत पडलेल्या, आणि घरभर स्पिरिटचा वास. पडद्यांना, उशांना, तोफेच्या गणवेशालासुद्धा. कुणी नाक मुरडलं की ती सांगायची, पॉलिशचा वास आहे. आम्हाला ते पटायचं. आता तो उपचारांना जातो, मध्ये एकदा पळून आला, पुन्हा गेला, सध्या बरा आहे, आणि मी लाकडाला हात लावून बोलते आहे. पण तेव्हा तो पीत होता. सकाळ-संध्याकाळ पीत होता आणि तोंड वर करून सांगत होता की मी कुठे पितो, हा तर स्पिरिटचा वास. बाटल्या तरी कुठे कुठे सापडाव्यात! फ्लशच्या टाकीत, पिठाच्या डब्यात, गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या चोरकप्प्यात. तोफ हुडकायची, मोरीत ओतायची आणि बाहेर हूं की चूं करायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांनाही तेच शिकवलेलं, घरातलं घरात. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज असलेली बाई या एका बाबतीत मुकी होती, आणि मी तिच्याबरोबर रोज आठ तास असून मला पत्ता नव्हता.

तर ती सकाळ. ती लांबलचक नवी बस पहिल्यांदा बाहेर पडणार होती आणि चालवणार होती तोफ. काय गर्दी ती! दुसऱ्या पाळीचे लोकसुद्धा झोप मोडून आले होते. फिटरने आरसे पुसून पुसून झिजवायचे बाकी ठेवले होते. मी नवा शर्ट घातला होता, काखेत काचत होता तरी. तोफ आली ती सर्दीने बेजार, नाक लाल, डोळे पाणावलेले, पण चाल अशी की जणू लढाईला निघाली आहे. मला म्हणाली, अक्का, रात्रभर झोप नाही, पोटात नुसता गोळा आलाय. मी म्हटलं, गोळाच आला ना, मग उडव की, तोफ आहेस.

आमच्याकडे गाडीवर चढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला एका यंत्रात फुंकावं लागतं. प्यायला असेल तर दिवा लाल होतो. आम्ही त्याला फुंकणी म्हणतो. डेपोच्या साहेबांनी हसत हसत फुंकणी पुढे केली, तोफेने गाल फुगवून फुंकलं, आणि दिवा लाल झाला. आधी सगळे हसले. साहेब म्हणाले, नवीन यंत्र आणा. थोडा वेळ थांबवलं, चूळ भरायला लावली, दुसऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. तेही लाल. मग कुणी हसेना. मागून एकजण पुटपुटला की आवाज उगीच नाही एवढा मोठा. त्याला मी नंतर बघितलं, तो भाग वेगळा.

साहेबांनी विचारलं, काय खाल्लं-प्यायलं होतं. चहा, ती म्हणाली, आणि खोकल्याचं औषध, घशात खवखवत होतं म्हणून बाटलीच तोंडाला लावली, तीन-चार घोट. साहेब म्हणाले, औषधाने एवढं येत नाही. मग तोफेने माझा दंड धरला आणि हळूच सांगितलं, माझं नाक बंद आहे, तू बघ वास येतोय का. मी तिच्या तोंडाजवळ गेले. माझा थोरला भाऊ त्याच पायी गेला आहे, मला वास शिकवायला नको. सरळ सरळ दारू होती.

तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "बाटली," ती म्हणाली. फडताळातली औषधाची बाटली तेवढी तिने कधी हुंगून बघितली नव्हती. मग तिने माझ्या दंडात नखं रुतवली. "अक्का, मी थोरलीला सांगून आलेय. धाकटा उठला की दोन चमचे दे, नाही थांबला खोकला तर अजून दोन दे."

धाकटा चार वर्षांचा. काडीपैलवान. गेले कित्येक महिने त्याचा खोकला हटत नव्हता, दोन डॉक्टर झाले होते, तिसरा चालू होता, बाटल्यांवर बाटल्या संपत होत्या. वर दोन दिवसांपासून अंगात ताप. आणि दारूच असेल कशावरून? त्या घरात पॉलिशच्या स्पिरिटचे कॅन उघडे पडलेले. तिने नवऱ्याला फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तोफ फाटकाकडे पळत सुटली. साहेब मागून ओरडले की कागदावर सही केल्याशिवाय गेलीस तर पळून गेली असं लिहावं लागेल, नोकरी जाईल. तिने वळूनही बघितलं नाही. ज्या बससाठी ती इतकी वर्षं झुरली, तिच्या शेजारून पळत गेली.

मी फिटरला म्हटलं, काढ तुझी गाडी. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. वर्कशॉपची ती खटारा व्हॅन, मागे पाने-जॅक खडखडताहेत, मी पुढे कोंबलेली, तोफ माझ्या मांडीवर. आणि काय हाणली हो त्याने! सिग्नलला एक दूधगाडी आडवी. तोफेने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जी आरोळी ठोकली, ती दूधगाडी, तिच्यामागची मोटार, एक सायकलवाला आणि एक कुत्रं, सगळे एकदम फुटपाथच्या बाजूला. मला भीती वाटत होती, रडू येत होतं, आणि खरं सांगते, त्याच वेळी ऊरही भरून येत होता. एखाद्या आईचं असं धावणं मी कधी बघितलं नव्हतं.

चार जिने. ती दोन दोन पायऱ्या टाकत गेली, मी धापा टाकत मागून. दार उघडं होतं. थोरली शाळेचा गणवेश घालून स्वयंपाकघरात उभी, ओट्यावर ती बाटली, हातात रिकामा चमचा. धाकटा पाटावर बसून ओठ चाटत होता. तोफेने त्याला उचललं, त्याच्या तोंडात बोट घातलं, त्याला गदागदा हलवलं. तो भोकाड पसरून रडायला लागला. तिने तसाच तो माझ्याकडे दिला. मी हुंगलं. काही नाही. गोडसर, ओलसर, लहान मुलाच्या तोंडाचा वास.

मी बाटली उघडून नाकाशी नेली. रम होती, निव्वळ रम. तोफ थोरलीच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, काय दिलंस त्याला. थोरलीने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथून घोरणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "साखरेचं पाणी. मी नेहमी तेच देते."

"नेहमी म्हणजे?"

"त्या बाटलीत बाबांचं असतं ना. औषध ते ओतून टाकतात."

म्हणून खोकला जात नव्हता. ते तीन डॉक्टर, ती महागडी औषधं, रात्रीच्या वेळी "आई, तू दमलीस, मी देते" म्हणून चमचा हातातून घेणारी ही शहाणी पोर! अकरा वर्षांची. मला वाटलं, आतल्या खोलीत जावं आणि त्या माणसाला तिकिटाच्या यंत्राने बडवावं. तेवढ्यात थोरली आईच्या कानाशी वाकली. पहिला नंबर आल्यावर मुलं सांगतात ना, तसं हळूच म्हणाली, "पण मी कुणालाच सांगितलं नाही, आई. तुलासुद्धा नाही."

तोफ तिच्याकडे बघत राहिली. मी तिला कधी गप्प बघितलेलं नाही, त्या दिवशी बघितलं.

आवाजाने नवरा बाहेर आला. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल. गणवेशातली बायको, कंडक्टर, दारात तेलकट हातांचा फिटर, ओट्यावर उघडी बाटली. तो सवयीने म्हणाला की ते पॉलिशचं आहे, वास येतोय तो. मग थोरलीकडे त्याची नजर गेली आणि पुढचं त्याच्या घशातच राहिलं. ती मान खाली घालून उभी होती. तो तिथेच एका ओल्या पॉलिशच्या खुर्चीत बसला.

तोफेचा फोन वाजला. साहेब होते. मी म्हटलं, उद्या बोल, आता नको. तिने मान हलवली आणि फोन कानाला लावला. आवाज आधी एवढासा निघाला, मग खाकरली आणि नेहमीचा आला, जिन्यात शेजारणी उभ्या होत्या त्यांनाही ऐकू जाईल असा.

"साहेब, यंत्र बरोबर आहे. माझ्या पोटात दारूच गेली आहे. माझा नवरा..."

थोरली झेपावली. तिने दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं आणि रडत रडत मान हलवत राहिली, नको, नको, आई, नको. फोनमधून साहेब हॅलो हॅलो करत होते. तोफेने ते हात हळूच तोंडावरून काढले, आपल्या एका हातात घट्ट धरून ठेवले, आणि साहेबांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.