डबा उघडला की सौदा थांबतो

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची अडत आहे. वडील गेल्यापासून गादीवर थोरले दादा बसतात आणि बाहेर सौदा पुकारायचं काम माझं. शेतकऱ्यांच्या मालाचे ढीग ओळीनं लागलेले असतात. मी एकेका ढिगापाशी उभा राहून बोली पुकारतो आणि खरेदीदारांचा घोळका माझ्यामागं चालतो. सात वर्षांपूर्वीपर्यंत हे काम मी खुर्चीवर बसून करायचो. एक ढीग झाला की हमाल खुर्ची उचलून पुढच्या ढिगापाशी ठेवायचे. तेव्हा माझं वजन एकशे बेचाळीस किलो होतं.

मोंढ्यात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. भरल्या अंगाच्या अडत्यावर लोकांचा लवकर विश्वास बसतो. पण माझे गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा, आणि त्या धास्तीनं बायकोलाही धड झोप नव्हती. तिनंच हट्ट धरला. सोलापुरात ऑपरेशन झालं. पोटाची लहानशी पिशवी केली, आतड्याला वेगळी वाट करून दिली. दीड वर्षात साठ किलो उतरलं.

इथपर्यंतचं सगळ्यांना ऐकायला आवडतं. पुढचं कुणी विचारत नाही. केस ओंजळीनं गेले, त्यातले निम्मेच परत आले. पोटाची कातडी लोंबते, ती पट्ट्यात आवळून वर सदरा घालतो. गोळ्या आणि इंजेक्शनं जन्माची. एका वेळी वाटीभर जेवण, तेही दर अडीच-तीन तासांनी. गोडाबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "साखर एकदम चढेल आणि तेवढ्याच जोरात उतरेल. उतरली की तुम्हाला उभं राहता येणार नाही."

हे सगळं मी लपवत आलो होतो. दादांचं म्हणणं होतं, "ऑपरेशनचं बाहेर बोलू नको. आजारी अडत्याकडं माल कोण टाकील?" मग मी गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं उभा राहून डबा खायचो. कुणी पेढा पुढं केला की उपवास सांगायचो. आठवड्याचे सगळे वार तसे संपले होते.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला नव्या सोयाबीनचा मुहूर्त होता. काट्याची पूजा झाली आणि एका खरेदीदारानं जिलेबीचं ताट फिरवलं. मी सवयीनं उपवास म्हणालो.

"दसऱ्याला कसला उपवास शेठ?" तो हसला आणि त्यानं जिलेबी माझ्या तोंडापाशीच आणली. सगळे बघत होते. मी खाल्ली. मग दुसऱ्यानं भरवली, तीही खाल्ली.

दीड तासानं पाचव्या ढिगापाशी मला दरदरून घाम फुटला. बोटं थरथरायला लागली. समोरची तोंडं अंधुक झाली आणि जीभ जड पडली. बोली वर चालली होती आणि मी मागचाच खालचा आकडा पुकारून सौदा तोडला, म्हणजे त्याच भावाला पक्का केला. ज्याचा माल होता तो तेर गावाकडचा म्हातारा ओरडला, "अवो मालक, काय बोलताय?" उत्तर द्यायला गेलो तर शब्दच नीट निघेना. मी त्याच्या सोयाबीनवरच बसलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ आज चढवून आल्यात." चार-पाच जण हसले. ते हसणं मला नीट ऐकू येत होतं, त्यावर बोलता मात्र येत नव्हतं.

धान्य चाळायला येणारी एक बाई पलीकडं बसलेली होती. ती उठून आली आणि तिनं आपल्या थर्मासचा चहा माझ्या हातात दिला.

"पयले पी लो शेठ, बोलना बाद में," ती म्हणाली. मग त्या घोळक्याकडं वळून तिनं सुनावलं, "पियेला नै है वो. मेरे घर में शक्कर की बीमारी है, ये पसीना मैं पैचानती."

गोड चहा पोटात गेला तसं थोड्या वेळानं डोकं ताळ्यावर आलं. पण तोवर मोंढाभर झालं होतं. संध्याकाळी दादा म्हणाले, "थोडे दिवस घरी बस. तुझा पुतण्या पुकारील."

"दादा, मी पिलो नव्हतो हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत असून काय उपयोग?"

"मग मोंढ्याला सांगू द्या मला," मी म्हणालो. त्यांनी हिशोबाची वही पुढं ओढली. त्यांना उलटून बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सौदा सुरू व्हायच्या आधी मी त्या म्हाताऱ्याच्या ढिगापाशी गेलो. त्याला थांबवून घेतलं होतं. खरेदीदार जमले. मी म्हणालो, "काल मी पिऊन आलो असं ज्याला वाटलं, त्यानं हे बघावं." मी सदरा वर केला आणि पट्टा सोडला. पोटावरचे कापल्याचे पाच व्रण आणि मांडीवर आलेली कातडी सगळ्यांनी पाहिली. गादीवर दादा उठून उभे राहिले होते. मला वाटलं होतं, लाज वाटेल. वाटली नाही. पाच वर्षं पोत्यांमागं जेवलो, त्याचा रागच आला.

"काल साखर उतरली होती. चुकीचा तुटलेला सौदा मी मानत नाही. हा ढीग पुन्हा पुकारणार. आणि आजपासून अकरा वाजले की मी इथंच डबा खाणार, तोवर सौदा थांबेल."

काल स्वस्तात माल पदरात पडलेला खरेदीदार कुरकुरला, "तुमच्या डब्यापायी सगळ्यांनी खोळंबायचं का?"

"तुमच्या चहापायी रोज खोळंबतोच की."

म्हातारा मधेच म्हणाला, "जेवा की मालक. आमी कुठं पळून चाललोय?" त्याचा ढीग पुन्हा पुकारला. बोली पहिल्याहून बरीच वर गेली.

तेव्हापासून अकराला आणि दीडला मी ढिगाच्या कडेला डबा उघडतो. उकडलेलं अंडं असतं, नाहीतर मटकीची उसळ. दोन शेतकऱ्यांनी माल दुसऱ्या अडतीला न्यायला सुरुवात केली, तेवढं नुकसान झालं. गेल्या वर्षात माझं नऊ किलो वजन परत आलं, तर एका पाहुण्याच्या घरी गेलो तेव्हा तो तोंडावर म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन वाया गेलं." मी म्हणालो, "मी तुमचे दोन जिने चढून वर आलोय. पूर्वी मला भेटायला तुम्हीच खाली यायचा." डॉक्टर कातडी काढून टाकू म्हणतात. मी नको म्हणतो. पुन्हा एकदा कापून घ्यायचं आणि तेही दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी, ते मला जमणार नाही.

यंदा येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे शेतात जेवायला गेलो. बाजरीचे उंडे, भज्जी, मडक्यातली आंबील. पूर्वी मी बांधाशी गाडीतच बसून जेवायचो. यंदा चालत विहिरीपर्यंत गेलो आणि ज्वारीच्या उभ्या पिकात सगळ्यांच्या पंगतीत बसलो. एका वाटीला मला पाऊण तास लागतो. बाकीचे हात धुऊन आले, दादांनी भांडी गोळा करायला सांगितली, भाचीनं सतरंजीचं टोक उचललं.

"ठेव ते खाली," मी म्हणालो. "माझं जेवण चालू आहे."

मग दादाच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले, आणि माझ्या बायकोनं त्यांना आंबिलीचा आणखी एक पेला भरून दिला.