पासलीच्या पठारावर पाच ग्रह

भोर संस्थानातल्या ज्या ज्या घरात जुन्या काळातला फोटो भिंतीवर असेल, त्यातला माणूस भेदरलेलाच दिसतो, आणि त्याला एकटे आमचे आतोबा जबाबदार आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भोरच्या पेठेत त्यांचा फोटोचा धंदा होता. तिपाईवर भलामोठा लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि कापडाखाली आतोबा. भिंगावरचं झाकण काढलं की ते मोठ्याने आकडे मोजायला लागत, आणि तेही इतके सावकाश, की दोन आकड्यांच्या मध्ये समोरच्याला आपले सगळे दिवंगत नातेवाईक आठवून जात. एका नवरदेवाला मधेच शिंक आली. त्या फोटोत नवरीच्या शेजारी फेट्याखाली नुसता ढग बसलेला आहे. आतोबांनी फोटो तसाच हातात ठेवला आणि वर सांगितलं, "शुक्र कधी शिंकत नाही."

कारण त्यांचा खरा जीव आकाशात होता. माणसांचे फोटो ते पोटासाठी काढत. पंचांग रोज वाचत, पण मुहूर्तासाठी नव्हे; कुठला ग्रह कुठल्या राशीत पोचला, एवढंच त्यांना हवं असे. "गुरू मीनेत आला," हे ते अशा सुरात सांगत, की आत्या नकळत आणखी मूठभर तांदूळ वैरायची. मी भोरच्या शाळेत नवा मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्याकडेच राहू लागलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी विचारपूस केली नाही. माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला उघडते, हे मात्र मोठ्या आनंदाने सांगितलं. रोज सूर्य बुडाला की ते नदीकाठी जाऊन उभे राहत. जाणारे-येणारे नमस्कार करत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी पाचही ग्रह सूर्यास्तानंतर पश्चिमेला एका ओळीत दिसणार, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. अडचण अशी होती की भोरच्या पश्चिमेला डोंगर, आणि बुध ओळीत सगळ्यांत खाली. तो डोंगराआड राहणार. "चार ग्रहांचा फोटो म्हणजे घरातल्या एकाला ओसरीवर बसवून काढलेला फोटो," ते म्हणाले. त्यातून युद्धामुळे मुंबईहून काचेच्या प्लेटा येणं थांबलं होतं. दोनच उरल्या होत्या. त्या राखण्यासाठी त्यांनी एका बड्या घरचं लग्न चक्क नाकारलं आणि वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्या पठारावर जायचं ठरवलं. तिथून पश्चिमेला सगळं कोकण खाली राहतं.

आत्या म्हणाली, यांना डोंगरावर जेवायला कोण घालणार, आणि तीही गाडीत चढून बसली. मार्गासनीवरून वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता आणि आतोबा मागून येत होते, माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी जीव मुठीत धरून. पासलीत धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याने आम्हाला पडवी दिली.

पहिल्या संध्याकाळी ग्रह आले, पण खालून धूर आला. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे दिवस. उतारावर जागोजाग पालापाचोळ्याचे राब पेटले होते. धुराच्या पट्ट्यात बुध गेला तो गेलाच. आतोबांनी आशेने एक प्लेट वाया घालवली आणि पडवीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

सकाळी उठून त्यांनी जे केलं ते मी त्यांच्याकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. जो माणूस नमस्काराला उत्तर देत नसे, तो घरोघर जाऊन हात जोडू लागला, की एक संध्याकाळ राब भाजू नका. लोक ऐकून घेत, पण हो म्हणत नसत. शेवटी धोंडिबाने मनातलं विचारलं.

"राबाचं काय, उद्या भाजू आमी. पर ही सगळी गिऱ्हं एका जागी आल्यात, तिकडं लढाई पेटलीया. लोक लई भ्यालेत. आमच्या पोरांवर तर काय येनार न्हाई न्हवं?"

आतोबा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. "ते एका जागी नाहीतच, धोंडिबा. आपल्याला इथून तसे दिसतात. एकमेकांपासून फार लांब आहेत बिचारे. त्यांच्यात कसली ताकद आलीय आपलं वाकडं करायची? संध्याकाळी सगळ्यांना घेऊन ये. मी दाखवतो."

त्या संध्याकाळी पासलीत एकही राब पेटला नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळा गाव पठारावर आला. आधी शुक्र दिसला, त्याच्याखाली गुरू, वर शनी, त्याच्याही वर तांबूस मंगळ. आणि अगदी खाली, कोकणावर टेकल्यासारखा, बुध. धोंडिबाच्या आईने पाचांनाही हात जोडले आणि म्हणाली, "लई ग्वाड दिसत्यात की रं." भीती तिथेच विरली.

आतोबा कापडाखाली गेले आणि तसेच राहिले. पठाराच्या कडेला एका दगडावर आत्या आमच्याकडे पाठ करून बसली होती. बरोब्बर चौकटीत. मी तिच्याजवळच, चौकटीच्या जरा बाहेर होतो. तिला उठवायला निघालो.

"राहू दे," कापडाखालून आवाज आला. "तिला तशीच बसू दे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या संस्थानाचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात आत्याचा एकही फोटो नव्हता.

त्यांनी झाकण काढलं. आत्या निश्चल बसली होती. अगदी शेवटी मात्र तिने जराशी मान वळवली आणि काहीतरी म्हणाली. प्लेट धुतल्यावर पाच बारीक ठिपके स्वच्छ उमटले. आत्याचा चेहरा हलल्यामुळे पुसला गेला होता. ठिपक्यांखाली तिची काळी आकृती तेवढी राहिली. शेंबड्या पोरालाही न सोडणारे आतोबा या हलण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फोटो त्यांनी दुकानात लावला. कुणी विचारलं तर आधी खालच्या आकृतीवर बोट ठेवत, "ही आमची मंडळी," आणि मग, "वर ते पाच जण."

पुढे काही वर्षांनी आत्या गेली. माझी बदली झाली होती. थंडीत चार दिवस रजा काढून मी आतोबांना भेटायला आलो. संध्याकाळी आम्ही नदीकाठी उभे होतो. शुक्र चांगला वर होता, पण ते पाण्याकडे बघत होते.

"तू तिच्याजवळ होतास," ते एकदम म्हणाले. "मान वळवून काय म्हणाली रे ती? मला कापडाखाली ऐकू आलं नाही."

मला स्वच्छ आठवत होतं. मी सांगितलं, "वारं सुटलंय, कान बांधा, म्हणाली."

आतोबांनी खांद्यावरचं उपरणं काढून ते कानांवरून घट्ट गुंडाळलं, हनुवटीखाली गाठ मारली, आणि आम्ही घराकडे वळलो.