पाठ केलेली नजर

उषाबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं त्यांच्या नवऱ्यानं, धर्मराजांनी, लग्नाच्या पाटावर पाहिलं तेवढंच. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय उठायच्या तयारीत असायचा. पण यंदाची चुळबुळ निराळी होती. चहा गाळता गाळता त्या दारात जायच्या, तळहात डोळ्यांपुढं धरायच्या, लांब न्यायच्या, जवळ आणायच्या, आणि कुणी पाहिलं की मेंदीचा रंग निरखत असल्यासारखं करायच्या. मेंदी नागपंचमीची होती. ती जाऊन दोन महिने झाले होते.

जालन्यापासून तासाभराच्या एसटीवर असलेल्या या गावात मिरचीचं बियाणं पिकतं. जाळीच्या मांडवात, म्हणजे शेडनेटमध्ये, मिरचीची मादीझाडं ओळीनं उभी असतात. दुपारून बायका एकेक मिटलेली कळी चिमट्यानं उघडतात आणि तिच्यातले नर, म्हणजे कोंड्याएवढे बारीक तुरे, उपटून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एखादा नर मागं राहिला तर कळी घरच्या घरीच लग्न उरकून घेते, आणि तिचं बी कंपनीच्या तपासणीत उघडं पडतं. अशी लग्नं फार झाली की अख्खा प्लॉट नापास.

या कामात उषाबाईंचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. आणि आता त्यांना कळीच दिसेना. झाड दिसे, पान दिसे, मांडवाच्या टोकाला कोण बिडी ओढतोय तेही दिसे. नाकासमोरची कळी मात्र धुक्यात. स्पष्ट दिसावी म्हणून मान मागं नेता नेता त्या एकदा मागच्या सरीतल्या कांताबाईंच्या पाठीला टेकल्या.

कांताबाई शेजारीण आणि गावाच्या बिनपगारी वैद्य. त्यांनी उषाबाईंना आधी दवातल्या गवतावरून अनवाणी चालवलं. मग एरंडेल झालं. मग मध. मधानं डोळ्यांत अशी आग पेटली की उषाबाई अंगणाला तीन फेऱ्या घालून आल्या, आणि धर्मराजांना वाटलं गाय सुटली. कांताबाईंचं म्हणणं, आग होते म्हणजे औषध लागू पडतंय.

अशात शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. खरं तर देवच भेटायला आला होता, पण कांताबाईंनी बातमी आणली की ज्याला वाचता येत नाही त्याला तिथूनच गाडीत घालून जालन्याला नेतात, डोळा कापतात, हिरवी पट्टी बांधतात, आणि महिनाभर वाकायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही. ऐन हंगामात! शिबिराला न जावं तर धर्मराजांनी नाव आधीच देऊन ठेवलेलं.

त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बायका पुठ्ठ्यावरच्या ओळी मोठ्यानं वाचत होत्या. उषाबाईंची नजर गेली असली तरी कान शाबूत होते. आई विहिरीवर गेली. वासरू गोठ्यात आहे. शेवटची, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षराची ओळ फक्त शाळेच्या हेडमास्तरांनी चष्मा लावून वाचली: पेरणीपूर्वी ढेकळे फोडावीत. उषाबाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी विहिरीपासून ढेकळांपर्यंत सगळं एका दमात म्हणून टाकलं. डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. घारीची नजर आहे बाई तुमची, म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला बोलावलं.

धर्मराजांनी ही घार चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ओट्यापर्यंत उडवली. आता उषाबाईंना सुईत दोरा ओवून मागायचीही सोय राहिली नाही. उलट बायकाच आपापल्या सुया घेऊन त्यांच्याकडं यायला लागल्या. त्या हातातलं काम टाकून म्हशीला पाणी दाखवायला जायच्या. म्हैस पाण्याकडं बघायची आणि त्यांच्याकडं बघायची.

आठवडा गेला नाही तोच कंपनीचा फिल्डमन अंगद सकाळी तपासणीला आला. उषाबाई आणि त्यांची सून शीतल एकाच सरीत काम करायच्या, अलीकडून सासू, पलीकडून सून. अंगदनं त्या सरीतल्या कळ्या उलगडल्या आणि त्याचा चेहरा उतरला. जागोजागी नर तसेच राहिलेले. आणखी असंच निघालं तर हा प्लॉट मला रद्द करावा लागेल, म्हणाला. मग क्षणभरही न थांबता तो शीतलकडं वळला. "वहिनी, तुम्ही उद्यापासून नर काढू नका. नुसती परागाची फुलं गोळा करा. मावशींच्या हातची चूक तर असूच शकत न्हाई."

त्या दिवशी उषाबाईंनी तोच ओटा चारदा सारवला. पोरीला घरात येऊन वर्ष झालं होतं, काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि तिचा हात साफ होता हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आता गावात तिचं नाव खराब होणार. सांगावं तर घार खाली पडते, न सांगावं तर पोर पडते.

संध्याकाळी शीतलच जवळ आली. "आत्याबाई, माझ्याच डोळ्यात काही दोष आसंल का? मी तर बराबर बघून काढले व्हते. मला जालन्याला दाखवता का एकदा?"

उषाबाईंनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीत त्यांनी तीनदा जागा बदलली. ऊन लागतं, मग वारा लागतो, मग नुसतंच. शीतल खिडकीबाहेर बघत मधूनच पदरानं डोळे टिपत होती. तिच्या मनानं आंधळेपण जवळ येऊन ठेपलं होतं.

नवीन जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याच डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी शीतलला लांबचा तक्ता वाचायला लावला, जवळचा पुठ्ठा वाचायला लावला, दिव्यानं डोळे आतून पाहिले. नजर ठणठणीत आहे, म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या उषाबाईंकडं गेलं. अहो, ह्या तर घारीवाल्या बाई. सुनेनंही सासूचेच डोळे घेतलेत की काय.

शीतल कसनुसं हसली. डोळे चांगले निघाले म्हणजे आता खोट तिच्या हातातच ठरत होती, आणि तिचा चेहरा आणखीच पडला. तेवढा चेहरा उषाबाईंना लांबून अगदी स्वच्छ दिसला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला कायबी दिसलं न्हवतं. मी ऐकून पाठ केल्तं. कळ्या माझ्या चुकल्यात, हिच्या न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी आधी शीतलकडं पाहिलं, मग त्या खुर्चीत मागं टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी उषाबाईंना बसवून नीट तपासलं. मोतीबिंदू नव्हता, कापाकापी नव्हती. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसतं. गुडघ्यासारखंच ते, फक्त याला साधा चष्मा पुरतो. वर्षातून एकदा डोळे दाखवायचे, कारण काचबिंदू गुपचूप येतो. साखर तपासून घ्यायची. डोळ्याला चोळायचं नाही, दुसऱ्याचा पदर लावायचा नाही. मधाचं ऐकल्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. मध भाकरीला लावा, म्हणाल्या, डोळ्यात थेंबसुद्धा नको.

परतीच्या एसटीत उषाबाई एकाच जागेवर बसल्या. दवाखान्यातूनच घेतलेला चष्मा घालून त्या तिकिटावरची बारीक अक्षरं वाचत होत्या, मग पुन्हा वाचत होत्या. शीतलनं विचारलं, घरी काय सांगायचं. "खरं ते," त्या म्हणाल्या. "पण आदी तुझ्या सासऱ्याला जेवू दे."

सकाळी त्या चष्म्याला परागाच्या डबीची दोरी बांधून, तो गळ्यात अडकवून मांडवात शिरल्या. अंगदला बोलावून त्यांनी चार बायकांदेखत सांगितलं की चूक माझी, आजपासून शीतल नर काढील आणि मी तिच्या मागून तपासत जाईन. मग चष्मा चढवून आपल्या बाजूच्या खोट्या कळ्या आणि त्यांना धरलेल्या इवल्या मिरच्या स्वतःच्या हातानं खुडायला बसल्या. टोपली अर्धी भरली. अंगद म्हणाला, एवढं साफ केलं तर प्लॉट वाचंल, मावशी.

कांताबाई बराच वेळ मागं घुटमळत होत्या.

"उषे, बघू बरं जरा तो चष्मा. माझ्याबी कळ्या आजकाल हलून राह्यल्या."

"कांते," उषाबाई टोपलीतून मान वर न काढता म्हणाल्या, "नऊची एसटी हाय. जल्दी नीघ. आन् रांगेत पुढची काय वाचती ते आजिबात ऐकू नको."