उघडी चौकट

नोएडाच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. कुठलीही नवी वेबसाइट दिसली, की शोधाच्या चौकटीत एक सुटं अवतरणचिन्ह टाकून बघायचा. साइट कोलमडली की हळूच म्हणायचा, "उघडंच आहे यार." म्हणजे त्या चौकटीत हुकूम लिहून कुणीही आतली सगळी माहिती काढून नेऊ शकत होतं.

आमच्या विवाहजुळणीच्या साइटबद्दलही त्याने साहेबांना सांगितलं होतं.

"साइट ज्या तयार फ्रेमवर्कवर उभी आहे, ते सांभाळतं सगळं," साहेब म्हणाले.

"शोधाचा भाग आपण फ्रेमवर्कला वळसा घालून लिहिलाय, सर."

"तू लाँचचं बघ."

साइट सुरू झाली, मग त्याच चौकटीतून मुलींचे पत्ते चोरीला गेले. गाझियाबादच्या एका मुलीच्या दारात अनोळखी पुरुष येऊन उभे राहू लागले. तिची तक्रार वाचून तो कुणालाही न विचारता माफी मागायला निघाला. मी सोबत गेलो.

तिच्या वडिलांनी दार अर्धवटच उघडलं. "बेटी अब घर से निकलती नहीं. आपको यह पता किसने दिया?"

तो एक पाऊल मागे सरला. दार बंद झालं.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "तुझी काय चूक यात?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तिचा पत्ता मीही त्याच चौकटीतून काढला ना."