अंबूचा आफ्रिकेचा परवाना

लोणावळ्याजवळच्या वलवणातल्या सरुबाईला वाईट म्हणायची कुणाची छाती नव्हती. अडल्यानडल्याला ती धावून जायची, बाळंतिणीचा शेक करायची, भांडण झालं तर तोंडावर बोलून मोकळी व्हायची. खोड होती ती एकच. दुसऱ्याच्या ताटातला लाडू तिला नेहमी आपल्यापेक्षा मोठा दिसायचा. आणि ते ताट धाकट्या जावेचं, अंबूचं असलं, की मग विचारूच नका.

तसं पाहिलं तर अंबूला त्या घरात आणली सरूनंच. सरू आंदर मावळातली. परकरात असतानाच लग्न होऊन नथूच्या घरात आली आणि दोनचार वर्षांत तापाच्या मोठ्या साथीनं सासू-सासरे दोघंही नेले. मागं उरला धाकटा दीर, भिमाजी. त्याच्या डोक्यातल्या उवा सरूनं मारल्या, त्याला न्हाऊमाखू घातलं, आपल्या वाटची साय त्याच्या भातावर ओतली. तो मोठा झाला तसा नथूनं त्याला आपल्याबरोबर लोणावळ्याच्या रेल्वे शेडात नेलं. नथू तिथं फिटर होता. इंजिनाच्या पोटात शिरून काय आवळायचं, काय सैल सोडायचं, ते सगळं त्यानं भावाला शिकवलं. मग पोराचे दोनाचे चार करायची वेळ आली तेव्हा तळेगावच्या अंगाला जाऊन सरूनंच पोरगी पसंत केली. गोरी आहे, गरीब आहे, ऐकण्यात राहील, असा तिचा हिशेब.

अंबू ऐकण्यात राहिलीही. बिचारी वर मान करून बोलत नसे. पण न बोलता सगळं तिच्याकडे चालत यायचं, हेच सरूला सलायचं. भिमाजी बाजारातून येताना अंबूला गजरा आणायचा. सरू दोन पोरींची आई, तिला कोण गजरा आणतंय? नथूनं उभ्या जन्मात तिच्यासाठी एकदा काय ते आणलं होतं, आणि तेही खुरपं. शेडातून आला की तो जेवायचा, पोरींना मांडीवर घ्यायचा आणि गप्प बसायचा. नथू बोलला तर सणासुदीला.

अशात घाटात विजेची इंजिनं आली. तारा ओढल्या गेल्या, बिनधुराच्या गाड्या शिट्टी घालत खंडाळ्याकडे जाऊ लागल्या, आणि वाफेच्या इंजिनांवर जगणाऱ्या शेडावर अवकळा आली. कुणाला सोलापुराकडे पाठवलं, कुणाला घरी. आज याचं नाव, उद्या त्याचं. नथू आणि भिमाजी रोज जीव मुठीत धरून कामावर जायचे.

त्या शेडात पूर्वी एक गोरा फोरमन होता. तो नोकरी बदलून आफ्रिकेत गेला होता. तिकडची रेल्वेही आपल्यासारखीच, समुद्रापासून निघून डोंगर चढणारी, आणि अजून वाफेवरची. त्यानं लोणावळ्याला कळवलं, की मला घाटातला एक फिटर पाठवा. हमी मी भरतो, कामाचा परवाना मी काढतो, जहाजाचं भाडं रेल्वेचं. राहायला क्वार्टर मिळेल आणि माणूस लग्नाचा असेल तर त्यानं बायकोला आणावं. आणि साहेबानं नावच दिलं होतं, भिमाजीचं.

हे ऐकून सरूच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवलं कुणी? नथूनं. शेडात लावलं कुणी? नथूनं. मग साहेबाला धाकटा बरा आठवला! आठवणारच. भिमाजी साहेबाशी हसून चार शब्द बोलायचा, आणि नथू समोर इंजिन पेटलं तरी हूं की चूं करायचा नाही. त्या दिवशी जेवताना तिनं नवऱ्याला पुष्कळ सुनावलं. नथूनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि म्हणाला, त्याचं बरं होतंय ते आपलंच बरं.

सरूला ते पटलं नाही. भिमाजीचं बरं झालं असतं तर तिला चाललंही असतं, तो तिच्याच हाताखाली वाढलेला. पण बरं होणार होतं अंबूचं. आपण राबून वाढवलेल्या झाडाचा आंबा कालची आलेली पोरगी आयता खाणार, आणि तोही जहाजात बसून!

पुढचे दोन महिने सरूचे असे गेले, की ते वैऱ्यालाही नकोत. परवान्यासाठी नवराबायकोचा फोटो हवा होता. भिमाजी अंबूला लोणावळ्याच्या बाजारात घेऊन गेला. फोटोवाल्यानं अंबूला खुर्चीवर बसवलं आणि भिमाजीला मागं उभं केलं, हे ऐकून तर सरूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वलवणात कुठली बाई खुर्चीवर बसली होती? मग तिकडे काटेकुटे असतात म्हणून अंबूला बूट आणले. ते घालून ती अंगणात चालायला शिकू लागली, आणि गल्लीतल्या बाया कौतुकानं बघायला जमल्या. चारपाच पावलं टाकून अंबू लाजून खाली बसायची आणि बूट काढून कोनाड्यात ठेवायची. सरूला वाटायचं, ही मुद्दाम माझ्या नाकावर टिच्चून करतेय. पाणवठ्यावर बाया अंबूला आधी घागर भरू द्यायला लागल्या. तिकडे सिंह असतात का गं, असं विचारायच्या. अंबू म्हणायची, मला काय ठावं. हे उत्तरही सरूला तोऱ्याचंच वाटायचं. एकदा घरी कुणी नसताना तिनं कोनाड्यातले ते बूट काढून पायात घालून पाहिले. पाय आत जाईनात. मग तिला अंबूच्या बारीक पावलांचाही राग आला.

सगळं होत आलं आणि एकच गोष्ट उरली. बायको म्हणून भलत्याच बाया जहाजावर चढवायचे प्रकार मुंबईला उघडकीला आले होते, म्हणून सरकारचा माणूस घरी येऊन बाईची चौकशी करायचा. त्याची खात्री पटली तर बाईचा परवाना, नाहीतर नाही.

तो जमादार आला तो भर दुपारी, न सांगता. दोघे भाऊ शेडात होते. जमादार मुंबईचा, कुठल्या तरी उत्तरेकडच्या मुलखातला, धेडगुजरी मराठी बोलणारा. ओसरीवर टेकून त्यानं अंबूला समोर उभी केली आणि पहिलाच प्रश्न टाकला, की तुझ्या नवऱ्याचं नाव काय?

आता झाली पंचाईत. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे अंबूनं आईच्या मांडीवर ऐकलेलं. उखाण्यात घ्यायचं तर ते हळदीकुंकवाला, परक्या शिपायासमोर नव्हे. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत उभी राहिली. जमादारानं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. शेजारची बयाबाई कुंपणावरून नाव सांगायला लागली, तर त्यानं तिला गप्प केलं. शेजाऱ्यांना पैसे देऊन पढवून ठेवतात, मला घरचं माणूस पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

घरचं माणूस म्हणजे सरू. ती दारातच उभी होती. थोरल्या जावेला धाकट्या दिराचं नाव घ्यायला कसलीही आडकाठी नसते. दीर लेकासारखा. सरू तर त्याला दिवसातून दहादा "भिम्या" म्हणून हाक मारायची, आणि ती हाक अर्ध्या वलवणाला ऐकू जायची.

अंबूनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले होते. हळूच म्हणाली, "बाई, मला न्हाई घेता यायचं."

जमादारानं सरूला विचारलं, ही कोण? हिचा नवरा कोण?

एक शब्द. तेवढा उच्चारला असता तर अंबू जहाजात बसत होती. सरूच्या डोळ्यांपुढं ती खुर्ची आली, ते बूट आले, पाणवठ्यावरची ती पहिली घागर आली.

"मला कशाला इचारता?" ती म्हणाली. "जिचा नवरा तिला ठावं."

एवढं बोलून ती आत गेली आणि जात्यावर बसली. जमादारानं जे लिहायचं ते लिहिलं आणि टांग्यात बसून स्टेशनाकडं निघून गेला.

महिन्याभरात निकाल आला. भिमाजीचा परवाना मंजूर, बायकोचा नामंजूर, वर्षानंतर पुन्हा अर्ज करावा. सरूला वाटलं होतं, भिमाजी एकटा जाईल, अंबू इथंच शेण काढत राहील आणि सगळं पहिल्यासारखं होईल. पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. बायकोला टाकून मी जायचा नाही, असं भिमाजीनं शेडात सांगून टाकलं. साहेबाला तर फिटर लगेच हवा होता. तिकडून तार आली, धाकटा येत नसेल तर थोरल्याला पाठवा, दोघांचा हात एकच आहे.

नथूनं होकार कळवून टाकला. सरूला आनंद मावेना. देवानं न्याय केला, शिकवणाऱ्याला त्याचं मिळालं, असं सगळ्या आळीला सांगत सुटली. आपणही पोरींना घेऊन जाऊ, असं तिनं मनात धरलं होतं. पण तिची चौकशी, तिचा अर्ज, सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे वर्ष जाणार आणि जहाज थांबणार नव्हतं. आधी नथूनं पुढं जावं, मग बोलावून घ्यावं, असं ठरलं. तिनं त्याचा फोटो काढवला. खुर्चीवर बसवून काढवला.

निघायच्या दिवशी नथूनं पोरींचे मुके घेतले, भावाला छातीशी धरलं. दोघा भावांनी असं कधी केलं नव्हतं. मग तो चुलीपाशी आला, जिथं सरू त्याच्यासाठी धपाटे बांधत होती. बयाबाईनं कुंपणावरून जे पाहिलं होतं ते त्याच्या कानावर गेलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"तुला मी आफ्रिकेला जायला हवा व्हतो न्हवं?" तो म्हणाला. "चाललो."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिनं भांडून घेतलं असतं.

नथू गेला. पैसे वेळेवर यायला लागले. सरूनं पितळेचा हंडा घेतला, पोरींच्या कानांत सोनं घातलं. गाव तिला आफ्रिकावाली म्हणू लागलं आणि पाणवठ्यावर बाया आता तिच्या घागरीला वाट द्यायला लागल्या. वर्षभर तिला ते गोड लागलं. मग लागेना. वर्ष उलटल्यावर तिनं पोस्टातल्या माणसाकडून लिहवून घेतलं, की मला बोलवा. उत्तर आलं, पुढच्या साली बघू. पुढच्या सालीही तेच आलं. साहेब त्याचा परवाना वाढवून घेत होता आणि नथू वाढवू देत होता.

इकडे शेडात नथूची जागा भिमाजीला मिळाली. ज्या जागेवर नथू पोट भरत होता, तिथंच आता तो विजेच्या इंजिनांची चाकं तपासू लागला. अंबूला मुलगा झाला, मग मुलगी. दिवस मावळला की भिमाजी यायचा, पाय धुवायचा, अंबू गरम भाकरी ताटात टाकायची आणि दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलायची. काय बोलतात ते ऐकू यायचं नाही, म्हणून सरूला जास्तच ऐकावंसं वाटायचं. तिचा नवरा बोलायचा नाही खरा. पण तो न बोलता समोर बसायचा, पोरींना मांडीवर घ्यायचा, हे सुख असतं हे तिला आता समजलं. हंड्याकडं बघून कुणी जेवत नाही.

अशी पाचसहा वर्षं गेली. सुगी होऊन घरात आंबेमोहोर आला होता. दोघी जावा पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. थोरल्या पोरीचं लग्न ठरत होतं आणि लग्नालाही येता येणार नाही असं नथूनं कळवलं होतं. अंबूनं खाली बघतच बोलायला सुरुवात केली.

"बाई, एक बोलायचं लय दिवस मनात हाय. त्या जमादाराला तुमी नाव सांगितलं न्हाई, त्याचे उपकार माज्याच्यानं फिटायचे न्हाईत."

सरूच्या हातातलं सूप थांबलं.

"मला जायचंच न्हवतं," अंबू म्हणाली. "त्या पाण्याचं भ्या वाटायचं. ते बूट घातलं की कवा काडून ठेवीन असं व्हायचं. ह्यांची हौस मोडवंना, म्हून कुणाला बोलले न्हाई. त्या दिशी तुमच्याकडं बगितलं, तवा मी मनात म्हनत व्हते, बाईंनी नाव सांगू नये, सांगू नये. तुमी माजं मन वळाखलंत. आईनं बी वळाखलं नसतं. आन् तुमचाच मानूस लांब गेला."

सरूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावर टोमणा नव्हता, कावा नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर उलट घालता आल्या असत्या. खरं सांगून टाकावं असं एकदा तिच्या ओठांवर आलं, आणि मग अंबूही आपली राहणार नाही या भीतीनं तिनं ते गिळलं.

"व्हय," ती एवढंच म्हणाली.

अंबूनं तिचे पाय धरले, डोळे पुसले आणि उठली. भिमाजी यायची वेळ झाली होती, तवा टाकायचा होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. सरू तांदळावर हात ठेवून बसून राहिली. त्या घरात हेवा करण्यासारखं जे काही होतं, ते सगळं तिनं आपल्याच हातानं अंबूच्या पदरात घातलं होतं, आणि तरीही तिचा हेवा काही कमी झाला नव्हता.